विहिरीचे बारा दिवस

प्रिय शंभू,

फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतोस आणि मला राग येतो, म्हणून पत्र. तुझ्या आक्काने चाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. मार्चमध्ये दहावीला बसतेय. धास्ती आहे ती फक्त गणिताची. आता पोटभर हस, मला ऐकू येणार नाही.

कवठे महांकाळला चंदना मॅडमकडे दुपारी शिकवणीला जाते. त्यांनी थेट अपूर्णांकांपासून सुरुवात केली. परवा गणित घातलं, एक छेद चार अधिक एक छेद बारा. मी वरचे वर, खालचे खाली मिळवून दोन छेद सोळा लिहिलं, वर त्याचं एक छेद आठ केलं आणि ऐटीत बसले. मॅडम म्हणाल्या, छेद वेगळे असताना असं मिळवत नाहीत. मला काही पटेना. मग आपली सामाईक विहीर आठवली. बारा दिवसांचं चक्र, त्यात आपला चौथा हिस्सा म्हणजे तीन दिवस, केरबाचा बारावा म्हणजे एक. माझ्या हिशेबाने बारा दिवसांचा आठवा हिस्सा म्हणजे दीडच दिवस, म्हणजे केरबाचा दिवस आपल्यात आला आणि उलट आपलेच दीड दिवस गेले की रे! मी सगळं खोडलं आणि उत्तर लिहिलं, चार दिवस.

मॅडमच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. म्हणाल्या, दिवस नकोत, चार छेद बारा लिहा. मग दोन्हीला चाराने भागलं आणि राहिलं एक छेद तीन. विहिरीवर सांगितलं तर केरबा म्हणतो, "आवं आक्का, ह्ये तर आमाला शाळंत न जाता येतंय."

आता खरं सांगते. नववीला मी गणितात नापास झाले नव्हते. पेपरला गेलेच नाही. आबा पाय मोडून पडलेले, विहिरीच्या पाण्याची पाळी आपली आणि त्याच दिवशी तुझी स्कॉलरशिपची परीक्षा. तू फावडं घेऊन बांधावर उभा राहिलास, मीच तुला दटावून पाठवलं. तुला वाईट वाटू नये म्हणून नापास झाले म्हटलं. 'ढ आक्का' म्हणून चिडवायचास, ते मला गोडच वाटायचं.

यंदाही गणिताचा पेपर आपल्या पाळीच्या दिवशीच आलाय. केरबा दिवस बदलून द्यायला तयार आहे. मी नको म्हटलं. तू रजा काढून ये, शंभू. मला एसटीत बसवून दे आणि त्या दिवशी उसाला पाणी तू पाज.

तुझीच,
संयोगिता आक्का