चाकाले ठोकळे लावले का?

३ नोव्हेंबर, सकाळी
बियाण्याच्या दुकानातून डायरी भेटली. मी चौथी शिकली, पण अक्षर चांगलं आहे. माझी नात चेतना शहरातल्या विमानतळावर पट्ट्याची गाडी चालवते. त्या पट्ट्यावरून सामान विमानाच्या पोटात चढते. गाडी विमानाले टेकू द्यायची नाही, चार बोटं दूर ठेवायची. सहा महिन्यांनी नोकरी पक्की होते. तोवर मीच ध्यान ठेवीन. पोरगी विसराळू आहे, माझ्यावर गेली नाही.

५ नोव्हेंबर, दुपारी १.१०
विमान याच टायमाले येते, म्हणून फोन केला. चाकाले ठोकळे लावले का, इचारलं. ठोकळे नसले तर विमान सरकते. चेतना म्हणे, आजी, ठोकळेवाला वेगळा आहे, अन् विमान उभं असताना फोन नको लावू वो. बरं म्हटलं. उद्यापासून बंद.

६ नोव्हेंबर
लावला. उचलला नाही. म्हणजे कामात होती. म्हणजे ठोकळे लागले. जिवाले बरं वाटलं.

९ नोव्हेंबर
शेजारची दुर्पता म्हणे, रुक्माबाई, तुझ्या फोनानं विमान थांबते काय? जळते मेली. तिले समजावलं, विमानाजवळ जायच्या आधी दोनदा थांबून गाडीचा ब्रेक पाहा लागते. समोरून हातानं इशारे करणारा माणूस दिसला नाही तर गाडी जागेवरच. मले सारं पाठ आहे. गुडघे धड असते तर तिच्या साहेबानं मलेच ठेवलं असतं.
आजपासून दिवसाले एकच फोन. फार तर दोन.

१४ नोव्हेंबर, दुपारी
धान मळणीवाले जेवून राहिले होते, त्यात दोन मिनिटं उशीर झाला. म्हणून तीनदा लावला. उचलला नाही. चांगलं आहे.

१४ नोव्हेंबर, सांजेले
चेतनाचा फोन. आवाजात जीव नव्हता. गाडीचं टोक विमानाले लागलं, पत्र्याले बशीएवढा पोचा. मी म्हटलं, कोणी पाह्यलं काय? रंग मारून टाक. ती म्हणे, आजी, मीच सांगितलं साहेबाले. वर गेल्यावर काही झालं तर दीडशे माणसं आहेत. विमान थांबवलं, सारे लोक उतरवले.
खरं बोलायची सवय माझीच लागली तिले.

१७ नोव्हेंबर
चौकशी झाली. खिशात फोन वाजला, तिचा हात तिकडे गेला. समोरचा माणूस थांब थांब करून राहिला होता, तो दिसला नाही. ऐन कामात फोन करणारं माणूस कोण असेल? काही अक्कल? चेतनाले इचारलं, तर म्हणे, जाऊ दे आजी. कंपनीचंच असेल कोणी.
साहेब म्हणे, फोन लॉकरात ठेवायचा नियम आहे, खिशात काऊन? चेतना म्हणे, घरी आजी एकटी राहते. माझं नाव साहेबापुढं निघालं!
मग आपला फोन पाह्यला. १.१२, १.१२, १.१३. पण माझा तर ठोकळ्यासाठी होता.

२० नोव्हेंबर
चेतना रेल्वेनं आमगावले उतरली, मी घ्यायले गेली. विमानतळाचा पास काढून घेतला म्हणे. परत देणार नाहीत, म्हणजे नोकरी गेली. दुर्पताले सांगितलं, सुट्टी भेटली. वांग्याची भाजी केली. जेवली नाही.

२१ नोव्हेंबर, दुपारी १.१०
चेतना सकाळपासून ओसरीत भिंतीकडे पाहून राहिली. माझा हात फोनाकडे गेला. लावू कोणाले, ती तर समोरच बसून आहे. तिनं पाह्यलं. मी फोन उलटा ठेवला.