दादा नेमा यांची खोली

मरीन परेड, सिंगापूर
१७ ऑगस्ट २०१४

तीर्थरूप अक्कास,

प्रबोधचा नमस्कार. चौदाव्या मजल्यावरून केलेला असल्यामुळे तो पुरेसा वाकून केला आहे असे समजावे. इकडे आम्ही तिघेही कुशल. तुझे गुडघे कसे आहेत? (मीनल म्हणते, तू फोनवर ‘बरे आहेत’ म्हणालीस. तुझे ‘बरे’ मी ओळखतो. एकशेतीन तापातही तू बरीच असायचीस.)

टांझानियातील शाळेचे उद्घाटन कसे झाले, असे तू विचारले होतेस. झाले. त्यापुढचे सांगायचे तर थोडे मागून सुरुवात करावी लागेल. आमच्या इथल्या मराठी मंडळातला निशिकांत जहाजावर चीफ इंजिनिअर आहे. त्याचे जहाज दुरुस्तीसाठी टांगा नावाच्या बंदरात अडकले. (घोडा जोडण्याचा विनोद त्याने इतक्या वेळा केला आहे, की तू तो मनातही करू नयेस.) तिथून चार तास आत गेल्यावर त्याला आंब्याखाली भरणारी एक शाळा दिसली आणि परत येताना ती त्याच्या डोक्यात बसून सिंगापूरला आली. आम्ही इथे दोन दिवाळ्या चकल्या विकल्या, एक नाटक केले (अभिनयाबद्दल मौन बाळगतो) आणि इमारत बांधायला घेतली. नकाशा अर्थातच माझा. इमारत का उभी राहते आणि का पडते हे जाणणारा मंडळात मी एकटाच, बाकीचे सॉफ्टवेअरवाले. त्यांची वस्तू बिघडली, की ते ती बंद करून पुन्हा सुरू करतात.

नकाशा काढताना माझ्यासमोर तुझी कोळवलीची शाळा होती. बाबांनी मला चौथीसाठी तुझ्याकडे पाठवले ते वर्ष मी विसरलेलो नाही. ओल्या पाट्यांचा वास, बाहेर वाळणाऱ्या काजूबिया, आणि पहिलीच्या पोरांचा ‘क काना का’ असा सूर, जो कौलांना खालून ढकलतो आहे असे वाटे. शाळेत तू ‘बाई’ आणि घरी ‘अक्का’. एकदा वर्गात चुकून ‘अक्का’ म्हणालो तर तू मला ‘कोण अक्का?’ असे विचारून मधल्या सुट्टीपर्यंत उभे ठेवलेस. संध्याकाळी त्याच हातांनी गूळपोहे दिलेस. शाळेमागची तुझी एक खोली, तिच्या मोरीला दार नव्हते. पहाटे तू साडी आडवी बांधून न्हायचीस आणि मी बाहेर उभा राहून एकोणिसाचा पाढा ओरडायचो, म्हणजे गावाने त्या बाजूला फिरकू नये. अजूनही एकोणिसाचा पाढा मला झोपेत येतो.

आता मुद्दा. तिथल्या मुख्याध्यापकांनी, श्री. किमारो यांनी, कळवले होते की शिक्षकांच्या घरात ‘दादा नेमा’ आणि ‘काका जुमा’ राहतील. वाचून मला भरून आले. कुठे कोकण, कुठे आफ्रिका, पण नाती तीच! मी त्या दादा-काकांसाठी एक ऐसपैस सामाईक खोली काढली आणि मागे विहिरीलगत आंघोळीसाठी उघडा दगडी चौथरा. पुरुषांना आणखी काय लागते?

उद्घाटनाला मी स्वतः गेलो. व्यासपीठाजवळ एकच पुरुष शिक्षक दिसला, मिशीवाला, तरणाताठा. हेच दादा, काका वयोमानाने उशिरा येत असावेत, असा मी निष्कर्ष काढला. शाल पांघरवली, श्रीफळ दिले (नारळाच्या प्रदेशात नारळ, पण रिवाज तो रिवाज) आणि त्यांच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने म्हणालो, “दादा!” अक्का, सारे गाव हसले. म्हाताऱ्या हसल्या, पोरे लोळली, एक कोंबडी घाबरून व्यासपीठावर चढली. स्वाहिलीत काका म्हणजे थोरला भाऊ. आणि दादा म्हणजे थोरली बहीण. मी थाप मारली ते काका जुमा होते.

इथे परतल्यावर चैतालीला सांगितले, तर ती म्हणाली, “पपा, पाच सेकंदांत कळलं असतं, लाह! यू नेव्हर चेक, मेह?” या सिंगापुरी ‘मेह’ला कोणत्याही व्याकरणात स्थान नाही. जी भाषा बहिणीला दादा म्हणते तिची जबाबदारी मी घेणार नाही. मात्र पाढा ओरडत ज्याने मोरी राखली, त्याच माणसाने बाईमाणसाला उघडा चौथरा द्यावा, हे भाषेवर ढकलता येत नाही.

कारण खरी दादा नेमा तिथेच उभी होती. वय पंचविशीचे, पाठ ताठ. तिने खोली पाहिली, चौथरा पाहिला आणि अत्यंत सभ्यपणे सांगितले की सत्र संपले की ती शहरात जाईल. ती गेली तर पहिलीला कोणी नाही. जुमा वरचे वर्ग घेतात. लहान पोरे पुन्हा शेळ्यांमागे जातील. मी वेगळी खोली बांधून द्यायचे वचन दिले. ती हसली. असे हसू मी यापूर्वी फक्त ठेकेदारांना हसलो आहे.

असो. तू प्रकृतीला जप, कुठे दगदग करू नकोस. मीनल आणि चैतालीचा नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (मधल्या सुट्टीपर्यंत),
प्रबोध

ता. क. तुझ्या पासपोर्टची मुदत संपली का? सहज विचारतो.

ता. क. २. वर दगदगीबद्दल जे लिहिले आहे ते पत्राची रीत म्हणून लिहिले आहे. टांगापर्यंत विमान जाते. पुढची जीप मी स्वतः चालवीन, सावकाश.

ता. क. ३. निघताना नेमाला मी सांगितले, की माझीही एक दादा आहे, तिने अशाच खोलीत राहून एकतीस वर्षे पहिली शिकवली. नकाशाबद्दल तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. तुझ्याबद्दल विचारतच राहिली. भीती वाटायची का? पाणी कोण आणायचे? त्या सोडून का गेल्या नाहीत? शेवटचे मला सांगता आले नाही. मग म्हणाली, “तुमची दादा येऊन खोली बघू दे. ती ‘इथे राहता येईल’ म्हणाली, तर मी राहीन.” अक्का, येशील का? नवा नकाशा सोबत जोडला आहे. भिंती माझ्या आहेत, त्यांना हात लावू नकोस. दार आणि खिडकी कुठे हवी, ती जागा कोरी ठेवली आहे.