शवासनात पडलेली आई

समीक्षा,

झोप लागत नाही तर योगा कर, असं तूच म्हणालीस ना? दुपारी अंगणात जवळा वाळत घातला आणि शवासनात पडले. लगेच तुझ्या बाबांना चष्मा हवा झाला, प्रज्योतला चहा. तू मला ओलांडून चार्जर घेऊन गेलीस, वर सांगतेस, "आई, अंग सैल सोड." कोणी सोडू दिलं तर सोडेन.

मी चारकोपला मीरामावशीकडे चाललेय. जवळ्याला मांजर लागेल, लक्ष ठेवा. चहापत्ती कुठे आहे ते विचारायला फोन करू नका.

परवा तिच्याकडे गेले, तेव्हा योगाबिगा न करता उन्हं उतरेपर्यंत झोपले. झोप मला येते गं. तिथे कोणी हाक मारत नाही, एवढंच.

आई