मागच्या दाराची वाईन

अण्णा,

एक्साइजची जीप आली त्या सकाळी मी मागच्या पडवीत बाटल्या पुसत बसलो होतो. आई चुलीवर खळ शिजवत होती, पुढच्या दुकानातल्या बाटल्यांना लेबलं चिकटवायला. माझ्या पुढ्यातल्या बाटल्यांना ती खळ लागणार नव्हती. शाहूवाडीच्या डोंगरातनं पाट्या भरून जांभळं यायची, त्यांतली निवडक मी वेगळ्या पिपात आंबवायचो. आपली सगळ्यांत चांगली वाईन तीच, आणि तिलाच तुम्ही कधी लेबल लावू दिलं नाही. ती मागच्या दारानं जायची, वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत वरनं मेथीची जुडी ठेवून. घेणारी माणसं मानाची. लेबल असलं तर ती दारू, घरात दिसली तर अब्रू गेली. लेबल नसलं की शुगरवरचं जांभळाचं औषध. ही युक्ती तुमची, आणि बोलून बोलून तुम्हालाही ती खरी वाटायला लागली होती.

पतसंस्थेचे चेअरमन त्या सकाळी तुमच्याबरोबर पुढच्या सोप्यात चहा पीत होते. मी त्यांची पिशवी घेऊन आत डोकावलो तेव्हा माझ्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघून ते म्हणाले, "माळ गळ्यात आन् हात पिपात. तुझ्या देवानं बघायचं तरी कुठं रं?" तुम्ही मोठ्यानं हसलात. मी मटण सोडलं होतं, वाईन तर कधी जिभेवर ठेवली नव्हती. पिपातली वाईन तयार झाली की नाही ते मी वासावरनं ओळखायचो, आणि तुम्ही पहिला घोट घेतलात की तुमच्या तोंडाकडे बघून. तुमच्या भुवया खाली आल्या की मला कळायचं, जमली. शब्दानं तुम्ही कधी सांगितलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र सांगायचात, "माझ्या हातची हाय की."

मग जीप आली. साहेबांनी मागच्या पडवीतल्या बिनलेबलाच्या बाटल्या बघितल्या आणि विचारलं, "ह्या कुणाच्या?" चेअरमन चपला पायात सरकवत निघून गेले, पिशवी तिथंच ठेवून. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. चुलीकडे बघत म्हणालात, "ह्या पोराचं काम. मला काय ठावं न्हाय, साहेब." आईचा खळ ढवळणारा हात थांबला. मी म्हणालो, "व्हय, माझंच." खोटं नव्हतं ते. माझ्या वाईनला माझं नाव पहिल्यांदा लागलं ते असं, पंचनाम्यात.

एक रात्र आत काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा जामीन देऊन घेऊन आला. मोटारसायकलवरनं उतरलो तर दारातच मसाल्याचा वास. आत तुम्ही स्वतः चुलीपुढे बसून पांढरा रस्सा ढवळत होता. जन्मात कधी तुम्हाला चुलीपुढे बघितलं नव्हतं. ताट वाढून माझ्यापुढे सरकवलंत आणि म्हणालात, "परवाना माझ्या नावावर हाय. तो गेला असता तर सगळंच गेलं असतं. जेव."

आई दारातनं म्हणाली, "आवो, त्यो खात न्हाय. दोन वर्सं झाली माळ घालून."

तुम्ही माझ्या गळ्याकडे असं बघितलंत, जणू ती माळ त्याच दिवशी घातली होती. दोन वर्षं मी रोज तुमच्या शेजारी जेवायला बसत होतो, अण्णा. काय खातो, काय सोडलंय, हे तुम्हाला माहीत नव्हतं. पण ताट मागे घेतलं नाहीत. माफी म्हणून तुमच्याकडे जे काही होतं ते त्या वाटीत होतं, हे मला कळत होतं. मी उठलो, माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि जेवलो.

केस पुढे मिटली. वर्ष फिरलं आणि तुम्ही पुन्हा तसल्याच बाटल्या माझ्या हातात दिल्यात. मी त्या घेऊन मागच्या दाराकडे बघत राहिलो तर म्हणालात, "मागचं दार बंद करू नगंस कधी. ह्याच दारानं आपल्याला मान मिळालाय." तुमच्या बाराव्याला चेअरमन पुढच्या दारानं आले, तुमच्या फोटोला फुलं वाहिली, डोळे पुसले. मग वळसा घालून मागे आले आणि हळूच म्हणाले, "अण्णा गेलं, वाईट झालं की. त्यांच्या हातची हाय का रं शिल्लक?" मी दिली. त्यानंतरही इतकी वर्षं देत राहिलो. त्यांच्या लेखी मी तुमची उरलेली वाईनच विकत होतो.

यंदा त्या पिपातल्या वाईनचं लेबल मंजूर करून आणलं. करणारा म्हणून त्यावर माझं नाव आहे. खळ मीच शिजवली. आणि काल मागचं दार चिरे रचून बुजवलं. आज सकाळी चेअरमन काठी टेकत मागे गेले, भिंत बघून पुढे आले. बाटली हातात घेऊन लेबल लांब धरून वाचलं.

"कागद सोलून दे की रं."

"न्हाय, तात्या. न्यायची तर अशीच न्या."

"अण्णा असतं तर दिली असती."

"व्हय. दिली असती."

बाटली तिथंच ठेवून ते गेले. पुन्हा येतील असं वाटत नाही, आणि त्यांच्या मागचे बाकीचेही. चालेल.

हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहवतंय. तुमच्यापुढे उभं राहून ह्यातलं अक्षरही बोललो नसतो. एकच राहिलंय. रस्सा चांगला झाला होता. तुम्ही पुन्हा कधी चुलीपुढे बसला नाहीत, पण बसलातच, ताट सरकवलंत, तर नको म्हणायची वेळ येऊ नये म्हणून मी माळ देव्हाऱ्यातच राहू दिली. तुम्ही गेलात तरी तशीच. आज आंघोळ झाल्यावर ती धुतली आणि गळ्यात घातली.