चंद्रीला साबण लावला त्याबद्दल

…तर दोर माझ्या मनगटाला, दोराचं दुसरं टोक चंद्रीच्या गळ्यात आणि आम्ही दोघं डबक्यात. इथून सुरुवात केली की बाकीचं सांगणं सोपं जाईल असं वाटलं.

तीर्थस्वरूप सयाजीमामा, आधी नमस्कार घ्या, मग बसून वाचा. पुण्यात प्रियदर्शनीताईकडे राहून तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, आता लांबचंही स्वच्छ दिसतं, असं कळलं. आनंद झाला. (थोडी धास्तीही वाटली.) मामींच्या गुडघ्यांना आराम असेल. फोनच करणार होतो, पण तुमचा आवाज ऐकायची तयारी नव्हती.

दिवाळी पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीसाठी चंद्री माझ्यावर सोपवताना तुम्ही एवढंच सांगितलं होतं: पाण्यानं धू, तेलाचा हात फिरव, डोकं चालवू नको. पण मी बारा वर्षं ज्युनिअर कॉलेजात त्वचा शिकवतो आहे. माणसाच्या कातडीत लाखो घर्मग्रंथी असतात. प्रत्येक म्हणजे खाली वेटोळं झालेली एक बारीक नळी. घाम वर येतो, वाळतो, अंग गार होतं. म्हशीला त्या फारच थोड्या, म्हणून ती पाण्यात बसते. तेव्हा आहेत तेवढ्या तरी मोकळ्या कराव्यात, म्हणजे मिरवणुकीत तिला धाप लागणार नाही, असं मी शेजारच्या पिराजीला समजावलं. (साबणाच्या फेसात, तिच्याच पाठीवर, बोटानं आकृती काढून.) तो म्हणाला, "मास्तर, म्हशीनं कवा तक्रार केली व्हय तुमच्याकडं?" मी भांड्याच्या साबणानं तिला तीन वेळा घासली.

घर्मग्रंथींचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. पण केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असतात, त्यांचं तेल कातडीवर पसरतं आणि त्यानंच म्हशीला ती काळी झळाळी येते, जिच्यासाठी पाच वर्षं लोक तुमचं नाव घेतात, हे मला ती वाळल्यावर आठवलं. (दरवर्षी हाच प्रश्न मी चार गुणांना घालतो.) चंद्री राखाडी झाली. खोबरेल चोळलं, ते ठिपक्याठिपक्यांनी बसलं. चौकात एकानं विचारलं, "पावणं, ही म्हस हाय का फळा पुसायचा ऱ्हायलाय?" सगळे हसले. माझ्या घर्मग्रंथी त्या वेळी उत्तम चालू होत्या. तळहात इतके ओले झाले की दोर धरवेना, म्हणून मनगटाला गुंडाळला. तेवढ्यात उन्हानं कासावीस होऊन चंद्री रांगेतून निघाली आणि रस्त्याकडेच्या डबक्यात जाऊन बसली. शास्त्रदृष्ट्या तिचंच बरोबर होतं.

ती ठीक आहे. संध्याकाळी दूध नेहमीएवढं दिलं. दोष संपूर्ण माझा. तुम्ही याल तेव्हा समोर उभा राहीन.

तुमचा भाचा,
विश्वजित

ता. क. डोळ्यांना इतक्यात प्रवासाची दगदग नको. डॉक्टर आठवडा म्हणाले असतील, तुम्ही महिना धरा. चंद्रीच्या ग्रंथींनाही साधारण तेवढेच दिवस लागतील.

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी. पत्र टाकायला निघालो, तर उचगाव फाट्यावर तुम्ही पुण्याच्या एसटीतून उतरत होतात. (मिरवणुकीचा व्हिडिओ तिकडे काल दुपारीच पोचला होता.) गोठ्यात काळा चष्मा काढलात, चंद्रीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. तेलाची वाटी मागून घेतलीत, बाह्या सरसावल्यात आणि म्हणालात, "फुडच्या पाडव्याला तू घरात बस. ती एकली जाईल."