वाजवून पाहिलेलं पत्र

१२ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
सासूचे आशीर्वाद. लागतील तितके घे, मोजत बसू नकोस.

तुला एक सासू आहे, आठवतं का? नसेल आठवत तर खूण सांगते. बुटकी, गुडघे कुरकुरणारी, आणि तोंड गुडघ्यांहून जास्त कुरकुरणारं. पोचल्या पोचल्या पत्र टाकते म्हणून उंबरा ओलांडलास, त्याला आज बारा दिवस झाले. आणि तुझ्या लेकीनं, ठकीनं, कॉलेज सांभाळून महिनाभर स्पॅनिश शब्द उतरवून दिलेली ती वही डाळीच्या डब्यावर आरामात पडली आहे. भाषा शिकायला गेलीस आणि भाषाच घरी विसरलीस. तिकडे कुणी विचारलं, की बाई कशासाठी आलात, तर निदान ते तरी आठवून सांग.

घरी सगळं ठीक. तुझा नवरा चहा करतो. कसा होतो ते मी विचारत नाही आणि तो सांगत नाही. सदऱ्याची एक बाही इस्त्री करून ऑफिसला जातो. दुसरी कुणी बघत नाही असं त्याचं म्हणणं. (दोन्ही बाह्यांना इस्त्री होती. – लिहून घेणारा.) मध्येच काय खरडलंस, असं मी आत्ता त्याला विचारलं. काही नाही म्हणाला. अक्षर मोत्यासारखं असलं म्हणजे माणूस खरंच बोलतो असं नाही.

कारखान्यात नव्या भट्टीचा खड्डा खणून झाला. मॅनेजरचा जावई रोज टेप घेऊन येतो आणि खड्डा मोजून जातो. खड्डा काय रोज अंगानं भरतो? मालकांनी सगळ्यांदेखत सांगितलं आहे, की भट्टी बनवणारी माणसं स्पॅनिशशिवाय बोलत नाहीत, तेव्हा सहा आठवड्यांत तू परीक्षा पास झालीस तर भट्टी तुझ्या ताब्यात. नाही तर जावई आहेच. एकोणीस वर्षं तू फरश्यांची झिलई कालवते आहेस. त्याला झिलई आणि दूध यातला फरक चाखल्याशिवाय कळायचा नाही.

वही पाठवत नाही. विसरल्याची तेवढी शिक्षा हवीच. लोभ तसाच आहे. पत्र आलं तर टिकेल.

तुझी सासू
(खाली अंगठा माझा. शाईचा डाग लिहिणाऱ्याचा.)


१८ मार्च

तीर्थरूप आईंना,
शि. सा. न. वि. वि.

चुकले. कान धरून उभी आहे असं समजा. पण इथे सकाळी आठला वर्ग सुरू होतो तो दुपारी दोनला सुटतो आणि मग डोक्याचा भुगा होऊन मी खोलीवर येते. खोली घरमालकीणबाईंच्या वरच्या मजल्यावर. टेबलाचा एक पाय तोकडा आहे, त्याखाली मी शब्दकोश सरकवला आहे. शब्दकोशाचा तेवढा उपयोग झाला.

वर्गात आम्ही अकरा जण. सगळ्यांत मोठी मी. शेजारचा मुलगा मला खुर्ची ओढून देतो, इतकी मोठी. मास्तरीणबाईंनी दार लावलं की स्पॅनिशशिवाय अक्षर काढायचं नाही. पहिल्या दिवशी मला उभं केलं. शब्द सापडेना, म्हणून मी आपली नुसतीच “मला… मला…” करत राहिले. बाईंनी धावत येऊन माझा हात धरला आणि तू मुळीच तशी नाहीस अशी समजूत घालायला लागल्या. नंतर कळलं, यांच्यात “माला” म्हणजे वाईट बाई.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याविषयी सांगायचं होतं. सवयीनं तोंडातून “अहो” गेलं. वर्गात हशा पिकला. इथे आहो म्हणजे लसूण. आता सगळे मला रोज लसणीची तब्येत विचारतात. हे यांनाच लिहावं की नाही असा विचार केला, पण वाचून दाखवणारे तेच, म्हणून लिहिलं.

एक गोष्ट मात्र मला वर्गात सगळ्यांआधी कळली. हे लोक “मी चहा आवडते” असलं काही म्हणत नाहीत. चहा मला आवडतो म्हणतात, अगदी आपल्यासारखं. बाकीचे दहा जण दोन दिवस त्यावर डोकं फोडत होते आणि मी पाय हलवत बसले होते.

पण आई, वाईट बातमीही सांगते. काल मधली चाचणी झाली. शंभरात अडतीस. ह लिहितात तो गिळून टाकतात, ज लिहितात त्याला ह म्हणतात. मी वाचते एक आणि ऐकू येतं दुसरंच. दहा एप्रिलला शेवटची परीक्षा, सगळी तोंडी, साठ हवेत. पास झाले तर लगेच तीन आठवडे भट्टीवाल्यांकडे शिकायला जायचं. नापास झाले तर दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट काढून ठेवलेलंच आहे, आणि शाळेकडून मॅनेजरसाहेबांना तार.

यांना सांगा, दुसऱ्या बाहीलाही इस्त्री करा. ठकीला गोड पापा. तुमचा लोभ दुरूनही लागतो, तेवढा पोचता ठेवावा ही वि.

आपली
सूनबाई


२५ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद. मागचे संपले असतील म्हणून नवे.

तुझं पत्र लसणीनं वाचून दाखवलं. त्या ओळीपाशी आला आणि खोकायला लागला. मी म्हटलं, खोकून होऊ दे, पण ओळ गाळू नकोस. मग वाचली. तुझ्या सासऱ्यांना मी चाळीस वर्षं अहो म्हणत होते. स्वयंपाकघरातून हाक मारली की ते असे बिचकायचे का, ते आज कळलं.

आता कामाचं. ह लिहितात आणि गिळतात, ज लिहितात आणि ह म्हणतात? म्हणजे अक्षरं खोटं बोलतात, हे मी सत्तर वर्षं सांगते आहे, कुणी ऐकलं नाही. बरं झालं मी त्यांच्या नादी लागले नाही.

अगं, तू माझी सून ना? तीस वर्षं मी त्याच कारखान्यात फरश्या वाजवल्या. डाव्या हातावर फरशी तोलायची आणि उजव्या हाताच्या बोटाचं पेर मारायचं. टण्ण वाजली तर पेटीत, थप्प वाजली तर ढिगात. डोळ्याला दिसत नाही तो तडा कानाला ऐकू येतो. एकदा मॅनेजरनं, म्हणजे तेव्हाच्या, फुलाफुलांची देखणी फरशी हातात दिली, की ही तरी बघा कशी आहे. मी वाजवली, तडा मधोमध आहे म्हटलं आणि ढिगावर टाकली. तो ओरडला. मग त्यानंच उचलून आपटली, तर जिथे मी सांगितलं होतं तिथेच उभी दुभंगली.

तेव्हा पुस्तक मीट. त्या टेबलाखाली दुसऱ्या पायाला लाव. दोन वाजता वर्ग सुटला की जिथे माणसं मोठ्यानं बोलतात तिथे जाऊन बस. भाजीबाजारात बस, कपडे धुतात तिथे बस, भांडणं होतात तिथे तर आधी बस. शब्द कानाला लावून वाजव. खरा वाजला तो ठेव. लिहितात कसा, ते त्यांचं त्यांना माहीत.

तुझा नवरा म्हणतो, फार जड जात असेल तर परत ये, असंही लिहू का. मी म्हटलं, मी सांगते तेवढंच लिही. (लिहिलं आहे. – लि. घे.) मॅनेजरचा जावई आता खड्ड्याशेजारी खुर्ची टाकून बसतो. बसू दे. खुर्ची त्याची, भट्टी तुझी.

लोभ आहे, वाढवला तर तू चढून बसशील.

तुझी सासू
(अंगठा)


३१ मार्च

सौभाग्यवती सूनबाई यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, गेले काही दिवस माझी प्रकृती यथातथाच आहे. अशक्तपणा जाणवतो. तुझी फार आठवण येते. तू माझी गुणाची सून असून मला मुलीसारखीच आहेस.

तसेच तुझ्या यजमानांचे फार हाल होत आहेत. ते तोंडाने बोलत नाहीत, परंतु डबा, चहा, कपडे हे सर्व त्यांस एकट्याने पाहावे लागते. घर सुने वाटते. माणसाने किती सोसावे यास मर्यादा आहे. सबब परीक्षेचा हट्ट न धरता, परतीचे तिकीट हाताशी आहेच, तर ते अलीकडच्या तारखेस बदलून घ्यावे. भट्टी काय, आज आहे उद्या नाही. माणसे महत्त्वाची. योग्य तो निर्णय घेशीलच.

कळावे, लोभ असावा.

तुझी सासू
(अंगठा)


१० एप्रिल

तीर्थरूप आईंना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ठकीनंच मोठ्यानं वाचावं. यांनी समोर बसून ऐकावं.

आई, तुम्ही मजेत आहात ना? आहातच. पण विचारायचं कारण असं, की मंगळवारी तुमचं एक पत्र आलं, त्यात तुम्ही आजारी होतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बॅग काढून पलंगावर ठेवली, खोटं कशाला सांगू. दोन साड्या घडी करून आतही टाकल्या. शाळेच्या ऑफिसात जाऊन तिकीट बदलायला दोन तास होते. आणि परीक्षेला तीन दिवस.

पण तुमचं ऐकून मी पुस्तक केव्हाच मिटलं होतं. इथल्या जिन्यात एक गवंडी फरश्या बसवतो आहे. रोज दुपारी मी पायरीवर बसून त्याचं ऐकते. बसवून झाली की तो करणीच्या दांड्यानं फरशी ठोकतो, तुम्ही पेर मारायचात तशी, आणि वाईट वाजली की म्हणतो, सुएना आ उएको. पोकळ वाजते. उएको लिहिताना पुढे एक ह आहे म्हणे. मी तो पाहिलेलाच नाही.

तेव्हा मी बॅगेशेजारी बसले आणि तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. पहिल्याच ओळीला थप्प. दुसरीला थप्प. “गुणाची सून” पाशी तर ढिगावरच टाकलं. बावीस वर्षांत तुम्ही मला गुणाची म्हटलेलं नाही. म्हणाला असतात तर मीच डॉक्टर बोलावला असता. अशक्तपणा आलेलं माणूस अर्धं पत्र मुलाच्या डब्यावर लिहीत नाही. आणि “सबब” हा शब्द आपल्या घरात एकच जण वापरतो, तोही ऑफिसातून आणतो. एवढं झाल्यावर अंगठा बघायची गरज नव्हती, तरी बघितला. तुमच्या अंगठ्यावर रेघा कुठे उरल्यात? तीस वर्षांच्या फरश्यांनी त्या पुसून टाकल्या. हा मात्र कारकुनाचा अंगठा, एक एक रेघ वहीतल्यासारखी आखलेली.

बॅग परत पलंगाखाली सारली.

आज परीक्षा झाली. परीक्षक म्हणजे न हसणारे एक गृहस्थ, कोटाची सगळी बटणं लावलेले. म्हणाले, नुकतंच उचललेलं एखादं अवघड पाऊल सांगा. मी पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि या पत्राचीच गोष्ट सांगितली. माझी सासू फरश्या वाजवायची, तिच्या नावानं आलेलं पत्र मी वाजवलं आणि मे सुएनो आ उएको, मला ते पोकळ वाजलं. बघा आई, यातही “मला” आपल्यासारखंच येतं. पत्र कुणी लिहिलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या लसणीनं. त्यांनी एक बटण सोडलं आणि इतके हसले, की बाहेरून मास्तरीणबाई दार उघडून बघून गेल्या.

एक्क्याऐंशी.

सोमवारी भट्टीवाल्यांकडे हजर व्हायचं. मालकांना तार मीच केली.

आता यांच्यासाठी चार ओळी. ठकी, या हळू वाच. अहो, रागावलेले नाही मी. थोडी आहे. तुम्ही तुमच्या नावानं लिहिलं असतंत, की करमत नाही, परत ये, तर ते मला खरं वाजलं असतं, आणि मग मात्र बॅग पलंगाखाली ढकलायला मला जड गेलं असतं. अजून लिहा. तीन आठवडे आहेत.

सर्वांचा लोभ असू द्यावा, आणि तो ज्याचा त्यानं स्वतःच्या नावानं कळवावा ही वि.

आपली
सूनबाई


१७ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद. गुणाची म्हणत नाही, उगीच बॅग काढशील.

ठकीनं पत्र वाचलं. मला माझा आजार त्यातून कळला. घरात मी अशक्त होऊन पडले आहे आणि मलाच कुणी सांगितलं नाही! तुझा नवरा भिंतीला टेकून उभा होता. एक्क्याऐंशी ऐकलं तेव्हा टाळी त्यानंच आधी वाजवली, हे त्याच्या बाजूनं सांगते. मग त्याला समोर बसवलं आणि विचारलं, कारकुना, आईचा अंगठा चोरायला लाज नाही वाटली? तर म्हणाला, घरात आवाज नाही. म्हणाला, ती दोन दोन भाषांत बोलायला लागली आणि आल्यावर माझ्याशी बोलायला तिला काही सुचलंच नाही तर. पन्नाशीचा माणूस. मी वाजवून बघितलं. टण्ण वाजलं. म्हणून सोडला.

पण शिक्षा सोडली नाही. हे पत्र तोच लिहितो आहे आणि दर चार ओळींनी ठकी मला ते वाचून दाखवते. कंसात खरडायची बंदी. आणि याच पाकिटात त्याचं एक वेगळं पत्र आहे, त्याच्या नावानं, त्याच्या अंगठ्यानं. त्यात काय आहे ते मी ऐकलेलं नाही. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं एवढं फाडण्याच्या आवाजावरून कळलं.

काल काठी टेकत कारखान्यात गेले. तुझी तार मालकांनी फळ्यावर लावली आहे. लोक वाचत होते, मी ऐकत होते. जावयानं खुर्ची उचलून नेली. खड्ड्याच्या काठावर उभी राहिले आणि तुझ्या भट्टीला लागणाऱ्या विटा आल्यात त्यातल्या दोन वाजवून बघितल्या. एक मी बाजूला काढायला सांगितली. मॅनेजरनं ती स्वतः उचलून बाजूला ठेवली. आता तुझं नाव सांगितलं की इथे कुणी आडवं येत नाही.

नीट शीक. भट्टीवाल्यांचं काही पटलं नाही तर त्यांच्याच भाषेत सांग, मोठ्यानं सांग. लोभ आहे, किती, ते वाजवून बघ.

आणि तिकडून पार्सल करशील तेव्हा साखरेचं काही नको, ठकीचे दात किडलेत. लसूण पाठव. एक जुडी, देठासकट विणलेली, पाकळ्या मोठ्या बघून घे. फार सोलावा लागेल असला मात्र नको. तसला एक घरात आहे.

तुझी सासू
(अंगठा. रेघा शोधू नकोस.)