शाल मी घातली

३ फेब्रु., सोमवार
सकाळी उंब्रजहून धाकट्या बहिणीचा, सुमनचा फोन. तिच्या मुलानं, अमोलनं, मस्कतची नोकरी सोडलीय, उन्हाळ्यात कायमचा घरी येतोय. बरं वाटलं. मग म्हणाली, नोकरी संपल्याचा सगळा पैसा तो पुढच्या सोमवारी निकमांच्या सांगण्यावरून गुंतवणार. मी विचारलं, कोण निकम?
"कोन म्हणून काय इचारतीस आक्का? तूच न्हवं का शाल घातलीस त्यास्नी!"
आठवलं. दिवाळीनंतरचा सांगलीतला कार्यक्रम. परदेशी राहणाऱ्यांचा आर्थिक सल्लागार म्हणून सत्कार. संयोजकांनी गाडीत हातात चिठ्ठी दिली. दोन ओळी. त्यांवर मी मनसोक्त बोलले. "लेकराची कमाई डोळे झाकून ज्याच्या ओंजळीत ठेवावी, असा माणूस!" टाळ्या थांबेनात.
डोळे झाकून. उभा जन्म अंधश्रद्धेविरुद्ध बोलत आलेय मी.
चिठ्ठीत त्यांच्या शिक्षणाबद्दल काही होतं का? आठवत नाही.

५ फेब्रु., बुधवार
झोप नीट नाही. कराडला वैशालीला फोन केला. माझी जुनी विद्यार्थिनी, आता सी.ए. असा सल्लागार व्हायला लागतं काय गं?
"बाई, विकणारा वेगळा नि सल्ला देणारा वेगळा. विमा, फंड विकायचे तर एक परीक्षा पुरते, वर कमिशन मिळतं. सल्ला द्यायचा तर पदवी हवी, मोठ्या परीक्षा हव्यात, सरकारच्या नियामकाकडे नोंदणी हवी. त्यातून माणूस परदेशातून परतणारा! तो इथला रहिवासी कधीपासून धरायचा, कर कुठं लागणार, तिकडची खाती इकडं कशी बदलायची, हे ज्याला येत नाही त्याच्या हातात..."
मग स्वतःच म्हणाली,
"नोंदणी क्रमांक विचारा. खरा असेल तर लगेच सांगेल."
इतकं सोपं. मग विचारायला जीव का घाबरतोय?

७ फेब्रु., शुक्रवार
निकमांच्या ऑफिसात. थंडगार, काचेची दारं. ते आत कुणाशी तरी बोलत होते, मी बाहेर बसले. शेजारी आटपाडीकडचे एक म्हातारे, लाल पटका, मांडीवर घोंगडी. मुलगा दुबईला क्रेन चालवतो. मला बघून उठायलाच लागले.
"आवं, तुमीच न्हवं त्या फोटूतल्या?"
समोरच्या भिंतीवर फोटो. मी निकमांना शाल घालतेय, तोंड उघडं, हात वर. खाली सोनेरी अक्षरांत ओंजळीचं ते वाक्य. जिथं पदवीची चौकट टांगतात, तिथं मी टांगलेली.
"मेंढरू घेताना दात बगतो आमी. ह्यात आमाला काय कळतंय? पोराला म्हनलं, बाईंनी शाल घातलीया, म्हंजे मानूस पक्का. दे लावून."
हसले. मला हसता आलं नाही.
निकम गोड बोलले. पूर्वी कुपवाडला एका कारखान्यात हिशेब बघत. क्रमांक विचारला. "आहे की मॅडम! फाईल पुण्याला गेलीय, आली की पाठवतो." चहा घ्यायलाच लावला. भिंतीवर इतर चौकटी होत्या, सगळ्या जास्त विक्री केल्याबद्दलच्या.
माणूस लबाड वाटत नाही. म्हणून तर घोर जास्त. आपण सल्लागार नाही हे कदाचित त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल.

८ फेब्रु., शनिवार
अमोलशी बोलले. सगळं सांगितलं. थांब म्हटलं.
"मावशी, शाल घालतेस पण तूच नि ओढून घेतेस पण तूच?"
मी चिडले. तो हसला. "रागावलीस तरी भाषण झकास करतेस बघ. अगं, तुझा व्हिडिओ मीच इथल्या सगळ्या पोरांना पाठवलाय. आपल्या भागातले सगळे त्यांच्याकडंच चाललेत. मी एकटा थांबलो तर वेडा ठरंन."
सगळे! सुमनचा मग फोन, आवाज तुटका: "पोराचं सगळं ठरल्यावर खोडा घालू नगंस आक्का."
उद्या परदेशस्थ कुटुंबांचा मेळावा. निकमही मंचावर. मुख्य वक्ती मीच. ज्या तोंडानं वाखाणलं त्याच तोंडानं...

९ फेब्रु., रविवार
सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत सुमन. भाषण घरून पाठ करून नेलं होतं, सगळं सोडून दिलं. निकमांकडे वळून सरळ विचारलं, "निकमसाहेब, तुमचं शिक्षण काय? नोंदणी क्रमांक काय? या माणसांसमोर सांगा. आणि क्रमांक हातात येईपर्यंत कुणीही एक रुपया हलवू नका."
निकम उठले. हात जोडले.
"मॅडमनी हक्कानं विचारलं, यातच माझा सन्मान आहे. माझी पदवी म्हणजे ही समोर बसलेली माणसं!"
टाळ्या. मी "क्रमांक!" म्हणाले. निवेदकानं माईक ओढून घेतला होता. "मॅडमच्या परखड वाणीला एकदा जोरदार..." पुन्हा टाळ्या. लोकांना तो भाषणाचाच भाग वाटला. मी ओरडत होते आणि लोक खूश होत होते. सुमनही टाळ्या वाजवत होती.
जाताना ते आटपाडीचे म्हातारे भेटले. "लय भारी बोललासा बाई." मी त्यांचा हात धरून हळू आवाजात सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी घोंगडी सावरली. "व्हय? मग पोराला कायतरी कळवाय पायजे..." एस.टी. आली, गेले.

१० फेब्रु., सोमवार
क्रमांक आलेला नाही.
निकमांच्या ग्रुपवर कालचा व्हिडिओ फिरतोय. माझा प्रश्न, त्यांचं उत्तर, टाळ्या. कुणीही रुपया हलवू नका, तेवढं कापलेलं. वर लिहिलंय: 'परखड प्रश्न, नम्र उत्तर.' अमोलनं त्यावर लाल बदाम टाकलाय.
व्हिडिओ नको, निरोप नको. काल आटपाडीच्या म्हाताऱ्यांशी बोलले तसं हळू बोलायचं, एवढंच ठरवलंय. मस्कतची बँक अजून उघडायची आहे. अमोलला फोन लावलाय, रिंग वाजतेय.